हाक मारू नका, खाला

शेजार असावा, पण मधली भिंत जरा उंच असावी, हे माझं मत करीमनखालानं करून दिलं. सेलूत आमच्या आणि तिच्या अंगणाच्या मध्ये एकच मातीची भिंत होती आणि ती माझ्या खांद्याला लागेल एवढीच होती. त्या भिंतीवरून मी जेवढं ऐकून घेतलं, तेवढं सासूचंही कधी ऐकलं नाही. आणि माझी सासू काही मुकी नव्हती.

खाला हाडापेरानं मोठी. कानात चांदीच्या बाळ्या, तोंडात पान, डोक्यावरची पांढरी ओढणी सारखी घसरायची आणि ती सारखी सावरायची. नवरा तहसील कचेरीत पेशकार होता, तो वारलेला. एकुलती लेक जमीला हैदराबादेत दिलेली. घरात खाला, तिच्या कोंबड्या आणि एक म्हातारी मांजर. बोलायला माणूस नाही, म्हणून ती भिंतीपाशी येऊन बोलायची. भिंतीपलीकडे कोण आहे हे न बघताच सुरुवात करायची. कधीकधी मी घरात असायची आणि अंगणात फक्त आमची म्हैस असायची, तरी तिचं चाललेलं असायचं.

आम्ही लिंगायत, शिजवलेलं बाहेरचं चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिच्याकडून यायचं ते कच्चं यायचं. शेवग्याच्या शेंगा, लिंबं, पुदिन्याचं रोप. देताना हात सैल होता बाईचा, खोटं कशाला बोलू. पण दिलेली वस्तू तिच्या मनातून काही केल्या जायची नाही. लिंबं दिली की तिसऱ्या दिवशी भिंतीवरून मुंडकं वर.

"बहू, लोणचं घातलं का? बरणीला ऊन दावलं का?"

"दावलं, खाला."

"झूट. बरणी तर ओसरीत दिसायलीय मला."

पुदिन्याला मी पाणी जास्त घालते, हे तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं. शेवटी चिडून मी ते रोप उपटून भिंतीवर ठेवलं आणि म्हटलं, घ्या तुमचं. तिनं ते शांतपणे घेतलं, आपल्याकडे लावलं आणि आठवड्यानं परत आणून दिलं. म्हणाली, "दिलं म्हंजे इसरलं न्हवं, बहू." हे तिचं ठरलेलं वाक्य. दुसऱ्या कुणी आपल्या दारावर लिहून घेतलं असतं.

आता मांजराचं सांगते. कारण खरा वैताग तिथून सुरू झाला.

आमचं आडतीचं दुकान होतं. घराच्या मागच्या खोलीत ज्वारीची आणि सरकीची पोती असायची आणि पोत्यांत उंदीर. आमच्या घरात जीव मारणं नाही. सापळा नाही, औषध नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुंगीसुद्धा कुंच्यानं अलगद लोटायच्या. उंदीर मात्र माजले होते. शेवटी आमच्या ह्यांनी तोड काढली.

"माय, आपुन मांजर पाळू. मांजरानं मारायचं न्हाई. नुसतं दिसायचं. वासानंच पळत्यात उंदरं."

आत्याबाईंना हे पटलं. मांजराला कुणी विचारलं नाही.

त्याच सुमाराला खालाच्या म्हाताऱ्या मांजरीला एक पिल्लू झालं होतं, राखाडी, पोटाला पांढरं. ते तिनं आनंदानं देऊ केलं. आत्याबाईंनी अट घातली आणि ती मला समोर बसवून सांगितली, "म्हादेवी, ध्यान दे. उंबऱ्याच्या आत मांसाचा तुकडा आला, तर त्याच पावली मांजर जिनिंगच्या आवारात सोडून येणार. मग रडायचं न्हाई."

कापसाच्या जिनिंगच्या आवारात मोकाट कुत्र्यांची टोळी होती. तिथं पिल्लू सोडायचं म्हणजे काय, हे मला न सांगताही कळत होतं. आणि मला ते पिल्लू हवं होतं. त्या घरात जे काही होतं ते सगळं माझ्याआधीचं होतं. भांडी, म्हैस, उखळ, माणसं, सगळी मला शिकवायला तयार. माझ्यानंतर त्या उंबऱ्याच्या आत येणारं ते पहिलंच. त्याचं घर बसावं, असं मला मनापासून वाटत होतं.

आता मांजर आणायचं तर त्याला वाट दिसता कामा नये, नाहीतर ते माघारी जातं, हे सगळ्यांना माहीत. आत्याबाई म्हणाल्या, पोत्यात घालून आणा आणि लांबच्या वाटेनं आणा. भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे आणायचं होतं, हे लक्षात घ्या. पण रीत ती रीत. हे बिचारे खालाच्या दारातून पिल्लू पोत्यात घालून निघाले ते स्टेशनाकडून, कापसाच्या बाजारातून, महादेवाच्या देवळाला वळसा घालून. बाजारात एका ओळखीच्या दलालानं त्यांना अडवलं. आडत्याच्या हातात लहान पोतं म्हणजे मालाचा नमुना, हे तिथं पोरगंही सांगेल. "आप्पा, काय नमुना आणला, बगू?" म्हणून त्यानं रीतीप्रमाणे सरळ पोत्यात हात घातला. पुढे कितीतरी दिवस तो दलाल कुणाच्याही पोत्यात हात घालण्याआधी "काय हाय?" असं विचारायचा.

घामाघूम होऊन हे घरी आले. इकडे आत्याबाई तयार. नवी गाय दारात आली की पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळायचा, कपाळाला भस्म लावायचं, मग आत घ्यायची. मांजर घरात आणायची रीत कुणालाच माहीत नव्हती, तेव्हा गाईची चालवली. मी म्हटलं, "आत्याबाई, पाणी नका घालू." पण माझं कोण ऐकतो. तांब्यातलं गार पाणी पायावर पडताच ते पिल्लू असं काही किंचाळलं की म्हैस उठून उभी राहिली. आणि नेमकं तेव्हाच भिंतीवरून मुंडकं आलं.

"आली का गे माझी बच्ची? लय येळ लावला!"

आवाज ऐकला मात्र, पिल्लू सरपणाच्या ढिगावरून भिंतीवर आणि भिंतीवरून पलीकडे. कपाळाला भस्म तसंच. ह्यांनी पोतं जमिनीवर आपटलं. "सगळं सेलू फिरून आलो की हिच्यापायी!"

त्या दिवसापासून माझा जो जाच सुरू झाला, तो काय सांगू. मी त्या पिल्लाला चुलीजवळ टोपली दिली, जुन्या लुगड्याची घडी घातली, वाटीत दूध-भाकरी कुस्करून दिली. मी तिला मनी म्हणायची. दुपारभर ती माझ्या पायांत घोटाळायची. आणि दिवेलागण झाली की पलीकडून हाक यायची. "आ, शहजादी, आ! आजा गे मां!" खालाचा आवाज म्हणजे काय! स्टेशनवरचा हमाल वळून बघेल. गल्लीतल्या बाया त्या हाकेवर दिवे लावायच्या. मनी टोपलीतून उठायची, माझ्याकडे एकदा बघायची आणि जायची. मी केलेलं सगळं पाण्यात.

"खाला, हाक मारू नका म्हणलं न्हवं मी?"

"मी कुठं हाक मारली? मी कोंबड्यांना बोलावलं."

"कोंबडीचं नाव शहजादी हाय का?"

"हाय की एकीचं," म्हणून खाला बेधडक एका पिवळ्या कोंबडीकडे बोट दाखवायची.

वर आणि खायला घालायची. आमच्या घरी दूध-भाकरी म्हणजे तिच्या लेखी उपासमार. "मांजर हाय ते, स्वामी न्हाई," म्हणायची. मांसाचे छिचडे, हाडं, कधी मासळीचं डोकं. मनी तोंड पुसत माघारी यायची आणि मी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची, आत्याबाईंना वास यायच्या आत. त्यांचं नाक म्हणजे नाक होतं. गल्लीच्या टोकाला कुणी कांदा चिरला तरी इकडे नाव सांगायच्या.

व्हायचं ते झालंच. आमच्याकडे वर्षातून एकदा स्वामी यायचे, त्यांची पाद्यपूजा व्हायची. ओसरी सारवलेली, रांगोळी काढलेली, स्वामी पाटावर बसलेले. आत्याबाईंनी पाय धुतले, बेल वाहिला. तेवढ्यात भिंतीवरून मनी आली. तोंडात हाड. मान ताठ करून, सगळ्यांच्या मधून, कुणी मोठा मान मिळवून यावं तशी ती आली आणि हाड पाटाच्या शेजारी ठेवून माझ्याकडे बघत बसली. स्वामींनी पाय आखडले. "शिव शिव" म्हणाले.

स्वामी गेल्यावर आत्याबाईंनी ओसरी पुन्हा सारवली. मग ह्यांना म्हणाल्या, "पोतं आण."

मी मनीला धरून चुलीपाशी बसले. रडायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून रडले नाही, पण अंगाचा नुसता संताप झाला होता. आत्याबाईंचा नाही आला राग, त्यांनी आधीच सांगितलं होतं. राग आला तो भिंतीपलीकडच्या बाईचा. लाड तिचे आणि मरण माझ्या मांजराचं!

तिला कसं कळलं कोण जाणे. भिंत सोडून ती पहिल्यांदाच पुढच्या दारानं आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. ओसरीवर ती कधी चढायची नाही, तिचं तिनंच ठरवलेलं होतं.

"आक्का, बच्चीला काय अक्कल? हाड मी दिलं. हाक मी मारली. पोत्यात मला घाला आन मला सोडा जिनिंगमदी."

आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्या मापाचं पोतं न्हाई आमच्याकडं, करीमनबी."

दोघींपैकी कुणीही हसलं नाही. खालानं डोक्यावर ओढणी घेतली आणि शपथ घातली, आजपासून हाक मारणार नाही, एक तुकडा देणार नाही. आत्याबाईंनी ह्यांच्या हातातलं पोतं काढून घेतलं. मग म्हणाल्या, "एक डाव सोडते."

शपथ खालानं पाळली. पण तिची पाळण्याची तऱ्हा अशी की मोडलेली परवडली असती. दिवेलागणीला ती भिंतीपाशी येऊन उभी राहायची आणि जोरात खाकरायची. डब्याचं झाकण वाजवायची. कोंबड्यांना सांगायची, "कुणाला हाक न्हाई मारायची गे. कसम हाय." हे सगळं आमच्या चुलीपर्यंत ऐकू येईल अशा बेतानं. मनीचे कान उभे राहायचे. मी स्वयंपाकघराचं दार लावून, पाठ टेकून उभी राहायची. तव्यावरची भाकरी करपायची ती वेगळी.

एका दुपारी मी भिंतीपाशी गेले ते भांडायच्याच तयारीनं. खाला अंगणात चिंचा फोडत बसली होती.

"खाला, तुमाला पिल्लू द्यायचं नव्हतं तर दिलं कामून?"

ती चिंचेकडे बघतच बोलली. "जमीलाला दिलं तवा पन असंच केलं मी. हर महिन्याला बोलावणं. कधी ताप आला म्हनून, कधी सपन पडलं म्हनून. ती पोर यायची. एक दिवस जावई आले, भले आदमी हैत, तिथं दारात उभे ऱ्हायले. म्हनले, अम्माजान, तुमी हाक मारता तवर तिचं घर बसत न्हाई." तिनं चिंचोका बाजूला टाकला. "तवापासून जमीलाला हाक न्हाई मारली मी. मांजराला तरी मारावी वाटती गे."

भांडायला आलेल्या माणसाला असं काही सांगू नये. मी तशीच घरात आले आणि त्या संध्याकाळी दार लावलं नाही. खालाच भिंतीपाशी आली नाही.

त्यानंतर हळूहळू मनीचं घर बसलं. चुलीच्या बाजूची ऊबदार राखेची जागा तिनं धरली. दिवेलागणीला ती तिथं पाय पोटाशी घेऊन बसायची आणि पलीकडे काहीही वाजलं तरी उठायची नाही. ज्वारीच्या खोलीतले उंदीर गेले. हे सगळ्यांना सांगायचे, बघा, नुसत्या वासानं गेले. पोत्यांमागच्या शेपट्या मी सकाळी लवकर उठून झाडून टाकायची, ते कुणाला सांगितलं नाही.

खाला मधूनच भिंतीवरून विचारायची, "बसलं का गे तिचं घर?" मी "हो" म्हणायची. "बरं हाय," म्हणायची आणि पान थुंकायला पलीकडे वळायची.

मग ते वाईट साल आलं. निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने. रझाकारांची धास्ती गावोगाव पसरली होती. बाजार दुपारीच बंद व्हायचा. ओळखीची घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. कुणी सांगून जात नव्हतं. आमच्या ह्यांनीही ठरवलं. जिंतूरला लग्नाला निघालो असं सांगायचं आणि तिथून पुढं निजामाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात, ह्यांच्या बहिणीच्या गावी. बैलगाडीत बोचकी, वर लग्नाची म्हणून एक जरीची साडी दिसेल अशी. म्हैस कुणब्याकडे पाठवली. मनीचं काय?

हे म्हणाले, "मांजर गाडीत ऱ्हातंय व्हय? पहिल्या नाल्याला उडी मारंल. मांजर मानसाचं नसतंय, घराचं असतंय."

ते खरंच होतं. मी भिंतीकडे गेले. एवढी वर्षं ज्या गोष्टीसाठी डोकं फोडून घेतलं, तीच उलटी मागायची वेळ आली होती.

"खाला, मनीला हाक मारा."

"कैकू? कसम हाय माझी."

तिनं माझ्या खांद्यावरून अंगणात पाहिलं. जोडलेली गाडी पाहिली, बोचकी पाहिली, जरीची साडी पाहिली. पान चावायची थांबली.

"लग्नाला चाललोय," मी म्हटलं.

"हौ," ती म्हणाली. "कुनाच्या, ते नक्को सांगू."

मग तिनं हाक मारली. "आ, शहजादी, आ! आजा गे मां!" तोच आवाज, पण शेवटी जरा चिरकला. मी स्वयंपाकघरात धावले. मनी चुलीपाशी बसलेली. तिनं एक कान हलवला, बस. खालानं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. मी मनी उचलून नेली आणि भिंतीवर ठेवली. खालानं हात पुढे केले. मनीनं ते हुंगले, वळली, सरपणावरून खाली उतरली आणि शेपूट वर करून आमच्या चुलीपाशी जाऊन बसली. विझलेली चूल! त्या घरात संध्याकाळी जाळ होणार नव्हता, हे तिला कोण सांगणार? माझा असा तळतळाट झाला की काय सांगू. राहा म्हटलं तेव्हा राहत नव्हती आणि आता जा म्हटलं तर हलत नव्हती. मी ओरडले तिच्यावर. उलथनं उगारलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"कामून वरडतीस गे तिला," भिंतीवरून खाला म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "बसलं न्हवं तिचं घर. तुझ्याच हातानं बसवलंस."

आत्याबाई गाडीत बसायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांच्या हातात कुलूप होतं. त्यांनी ते कुलूप बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीपाशी जाऊन किल्ली खालापुढे धरली.

"चुलीपाशी बसती ती, करीमनबी. दारातून घातलेलं खाणार न्हाई. आत जावं लागंल तुमाला."

खाला किल्ली घेईना. "आक्का, तुमच्या चुलीपाशी मी?"

"मग ती उपाशी मरंल," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच तुसडा होता. "घ्या लौकर. उशीर व्हायलाय आमाला."

आम्ही परत आलो तेव्हा निजामाचं राज्य गेलं होतं. खालाच्या दाराला कुलूप होतं. जावई येऊन तिला हैदराबादला घेऊन गेले, असं समोरच्या सोनारीणबाईनं सांगितलं. आमची किल्ली खाला तिच्याकडे देऊन गेली होती. दिवेलागणीला मनीला घालायला चुलीपाशी जायचं, असं तिला बजावून गेली होती आणि ते ती पाळत होती. आत गेलो. चूल सारवलेली. वाटी घासून पालथी घातलेली. मनी चांगली जाडजूड, आमच्याकडे अनोळखी माणसांकडे बघावं तशी बघत होती. आत्याबाई घरभर हिंडल्या. स्वयंपाकघर, देवघर, ज्वारीची खोली, प्रत्येक ठिकाणी उभं राहून त्यांनी श्वास घेतला. गल्लीच्या टोकाचा कांदा ओळखणारं ते नाक. मग चुलीपाशी खाली बसल्या.

"दूधच घातलं गे बाईनं," त्या म्हणाल्या. "एवढे महिने, दूधच." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

खालाची पुन्हा भेट झाली नाही. हैदराबादला जायचं म्हणता म्हणता राहिलं, आणि नंतर तिची खबरच आली. दिवेलागणीला मी कितीदा त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले आहे. शपथ संपली होती, आता मारायची की एखादी हाक! पण ज्याची वाट पाहिली ते कधी वेळेवर मिळालं आहे मला?

तिला शेवटचं पाहिलं ते गाडीतूनच. गाडी गल्लीच्या वळणावर गेली तेव्हा मी मागं वळून बघितलं. खाला आमच्या दारात उभी होती, हातात वाटी, वाटीत दूध. तिनं चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. डोक्यावरची ओढणी सावरली. गल्लीत कुणी बघतंय का ते पाहिलं. मग नव्या सुनेसारखा उजवा पाय आधी उचलला, आणि दूध सांडू नये म्हणून वाटीकडे बघत बघत ती आमच्या घरात गेली.